पचमढीचं खातं

मध्य प्रदेशातल्या जुन्या मराठी घरांत पचमढीची ओळख दोन प्रकारची असते. एक महादेवाची पचमढी. खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागढच्या पायऱ्या चढायच्या, नागपंचमीला नागद्वारीच्या यात्रेला जायचं, वाटेत "हर बोला महादेव" म्हणत घसा बसवायचा. विदर्भातून लोक पिढ्यान् पिढ्या याच पचमढीला येत आले. दुसरी पचमढी साहेबाची. कौलारू बंगले, लांब व्हरांडे, चर्च, क्लब आणि गोल्फचं मैदान. आमच्या घरात मात्र एक तिसरी पचमढी होती, आणि आजही आहे. तिच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. या दिवाळीत घरात जी चर्चा झाली, तिच्यानंतर वाटलं की आता लिहूनच टाकावं.

आमचं घर मूळचं नागपूरचं, महालातलं. मोठे आबाजी, म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, सचिवालयात कारकून होते. माझे आबाजी हायकोर्टाच्या कचेरीत. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. नागपूर आणि वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आणि हायकोर्ट जबलपूरला. कोर्ट गेलं तसे आबाजीही गेले. मोठे आबाजी नागपुरातच राहिले. एका वाड्यात, एका चुलीवर जेवणारं घर असं दोन राज्यांत वाटलं गेलं. भांडण नाही, तंटा नाही, नुसता सरकारी हुकूम. त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि मराठवाडा हैदराबाद राज्यातून सुटून मुंबई राज्यात आला. त्यामुळे आमच्यासारखी कहाणी तिकडच्याही कितीतरी घरांत असेल.

आबाजी जबलपूरला पोहोचल्यावर सहा महिन्यांत मोठ्या आबाजींचं पत्र आलं. ते पत्र माझ्या आईनं पुष्कळ वर्षं जपून ठेवलं होतं. मजकूर थोडका होता. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असेल. तू नागपूरला आलास तर पाहुणा होशील, मी जबलपूरला आलो तर मी पाहुणा. दोघांनी पचमढीला यावं, तिथं कोणीच पाहुणा नाही.

नकाशा काढून बघा, नागपूरहून पचमढी साधारण अडीचशे किलोमीटर आणि जबलपूरहूनही जवळजवळ तेवढंच. पण मोठ्या आबाजींनी काही नकाशा बघून गाव निवडलं नव्हतं. पचमढी त्यांच्या नोकरीतली होती. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात नागपूर सोडून पचमढीला मुक्काम हलवायचं. साहेबाबरोबर फायली जायच्या आणि फायलींबरोबर कारकून. नागपुरात पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना तीन-साडेतीन हजार फुटांवर रात्री चादर लागते, ही चैन त्या काळच्या कारकुनाला फक्त सरकारी खर्चानंच मिळायची.

तिथली त्यांची एक गोष्ट आम्हां मुलांना तोंडपाठ होती. साहेबाची सही हवी असली की फाइल घेऊन गोल्फच्या मैदानाच्या कडेला उभं राहायचं. आत पाय टाकायचा नाही. साहेब खेळत खेळत त्या बाजूला आला की बघेल, नाही आला तर पुढच्या फेरीला. मोठे आबाजी म्हणायचे, "मी त्या मैदानाच्या कडेनं जेवढा उभा राह्यलो, तेवढा तर साहेब आत खेळला नसंल." सांगताना हसायचे. पण त्या मैदानाकडे ते कधी पाठ करून बसत नसत, हे मात्र माझ्या लक्षात राहिलंय.

१९५७ च्या मे महिन्यापासून दोन्ही घरं पचमढीला जमायला लागली. माझ्या आठवणी त्यानंतरच्या, साधारण १९६७-६८ पासूनच्या. आम्ही जबलपूरहून इटारसीच्या गाडीत बसून पिपरियाला उतरायचो. तिथून बस. नागपूरकर छोट्या रुळांच्या गाडीनं सौंसरवरून छिंदवाड्याला यायचे, पुढे बसनं तामियाचा घाट. छिंदवाड्याकडची वाट आणि पिपरियाकडची वाट मटकुलीला एकत्र होतात. देनवा नदीच्या काठचं ते छोटंसं गाव. ठरलेलं असं, की जो आधी पोहोचेल त्यानं मटकुलीला उतरून थांबायचं. चहा घ्यायचा, भजी खायची, धूळ झटकायची आणि समोरच्या रस्त्याकडे बघत बसायचं. दुसरी बस आली की खिडक्यांतून हात बाहेर निघायचे. मग दोन्ही घरं मिळून वरची बस पकडायची. पचमढीत वेगवेगळं पोहोचायचं नाही, हा नियम होता.

मुक्काम एका जुन्या बंगल्यात. पुढं लांब व्हरांडा, मागं आंब्याची आणि जांभळाची झाडं, पाणी विहिरीचं. चौकीदारच खानसामा. पण स्वयंपाकघर आमच्या आज्यांनी पहिल्याच वर्षी ताब्यात घेतलं होतं. नागपूरकर कुरड्या, सांडगे आणि संत्र्याची बर्फी आणत. आम्ही जबलपूरची खोव्याची जिलेबी नेत असू, ती दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली असं कधी झालं नाही. चारोळी आणि मध तिथल्याच बाजारातून. रात्री व्हरांड्यात ओळीनं गाद्या पडायच्या आणि कोण कोणाच्या शेजारी झोपणार यावरून दरवर्षी भांडण.

भाषेवरून तर रोजच. आम्ही "चहा बनवली", "मी बोलली" म्हटलं की नागपूरची काकू म्हणायची, "जबलपूरले जाऊन पोरींची मराठी पार बिघडून राहिली नं!" आणि आम्ही तिच्या त्या "बिघडून राहिली"ची नक्कल करत अंगणभर पळायचो. आज वाटतं, मराठी टिकवण्याचे जे वर्ग-बिर्ग आपण काढतो, ते काम त्या पंधरा दिवसांत फुकटात होत होतं. वर्षभर शाळेत हिंदी, रस्त्यावर हिंदी. पण मे महिन्यात आपल्याच वयाच्या भावंडांशी भांडायचं, तर ते मराठीतच भांडावं लागायचं.

थोरल्या आजीला गोल्फ, क्लब, बंगला यांचं काडीचं कौतुक नव्हतं. ती लग्नाआधी आपल्या वडिलांबरोबर बैलगाडीनं आणि पायी महादेवाला येऊन गेलेली. आम्हाला एकदा बायसन लॉज दाखवायला नेलं. कॅप्टन फोर्सिथनं १८६२ साली बांधलेली ही पचमढीतली सगळ्यांत जुनी इमारत. पुढे याच मुलखावर त्यानं पुस्तकही लिहिलं. "यानं पचमढी शोधली" असं बाबांनी सांगितल्यावर आजी म्हणाली, "हरपली कवा होती, शोधाले?" कोरकू आणि गोंड तिथं आधीपासून राहत होतेच, आणि जटाशंकराच्या गुहेत दिवा लावणारेही होते. आजीचं ते वाक्य मी माझ्या मुलांनाही ऐकवलंय.

आम्हां मुलांसाठी मात्र गोल्फचं मैदान म्हणजे खजिना. आता मैदान लष्कराकडे होतं, पचमढीत आर्मी एज्युकेशन कोअरचं केंद्र आहे ना. मे महिन्यात ते काही सिनेमातल्यासारखं हिरवंगार नसायचं. पिवळं वाळलेलं गवत, मधून मधून झाडं, कडेला नाले. खरा हिरवा रंग चढायचा तो जुलैनंतर, आणि तोवर आमच्या शाळा सुरू झालेल्या. चौकीदाराचा मुलगा तिथं कॅडी होता, म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहायची आणि चेंडू कुठं पडला ते ध्यानात ठेवायचं. नाल्यात हरवलेले चेंडू तो आम्हाला चार-चार आण्यांना विकायचा. ते टणक, खळगेवाले पांढरे चेंडू जबलपूरच्या आमच्या घरात कपाटाखाली, गहू ठेवायच्या कोठीमागं कुठं कुठं सापडत असत.

१९७९ मध्ये मोठे आबाजी गेले, १९८१ मध्ये आमचे आबाजी. आणि मग नागपूरच्या वाड्याचा प्रश्न उभा राहिला.

वाडा दोन्ही भावांच्या नावावर होता. बाबांचं म्हणणं, निम्मा आमचा. नागपूरच्या काकाजींचं म्हणणं, पंचवीस वर्षं घरपट्टी आम्ही भरली, दोनदा छप्पर बदललं, भाडेकरूंशी कोर्टकज्जे केले, सणवार आणि देव सांभाळले, आणि तुम्ही आता येऊन निम्मं मागता? दोघंही खोटं बोलत नव्हते. म्हणूनच ते मिटत नव्हतं. पत्रं आधी लांबलचक झाली, मग थोडक्यात यायला लागली, मग वकिलांमार्फत. १९८२ च्या मे महिन्यात पंचवीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही पचमढीला गेलो नाही. आईनं सुट्टीत लोणची घातली, पापड केले, सगळं घर घासूनपुसून काढलं. तरी सुट्टी काही संपता संपेना.

१९८३ मध्ये माझ्या धाकट्या मावशीचे यजमान, आम्ही त्यांना मावसाजी म्हणायचो, लष्कराच्या नोकरीत पचमढीला होते. त्यांनी कोणालाच काही न विचारता दोन्ही घरांना आमंत्रण धाडलं, वेगवेगळं. आणि एकाचं दुसऱ्याला कळू दिलं नाही. मी तेव्हा एकवीस वर्षांची. मटकुलीला आमची बस थांबली तर समोर चहाच्या टपरीवर काकाजी बसलेले. आमच्यासाठी थांबलेले नव्हते हो, त्यांची वरची बस यायची होती, एवढंच. बाबा खाली उतरले, टपरीकडे गेले, चहा घेतला. दोघांमध्ये एका बाकाचं अंतर. कोणी बोललं नाही. काकूनं मात्र उठून आईच्या हातातली पिशवी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मावसाजींनी दोघांनाही गोल्फच्या मैदानावर नेलं. "खेळू नका, नुसतं माझ्याबरोबर चाला." चहाचा थर्मास घेऊन मागून चालायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून हे मी डोळ्यांनी बघितलंय. मोठे आबाजी ज्या मैदानाच्या कडेला फाइल घेऊन उभे राहायचे, त्या मैदानात आमच्या घरातलं कोणी पहिल्यांदाच आत जात होतं. काकाजी आत शिरताना क्षणभर थांबले. चप्पल काढावी की काय, अशा विचारात पडल्यासारखे. मग बाबाच म्हणाले, "चला हो, आता आपलंच सरकार आहे." दोन वर्षांत बाबा त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

मावसाजी खेळत होते आणि खेळता खेळता खेळ समजावून सांगत होते. पूर्ण फेरी अठरा खड्ड्यांची, आपण नऊच करू. प्रत्येकाचा चेंडू वेगळा, ज्यानं त्यानं आपापलाच मारायचा. जितक्या कमी फटक्यांत चेंडू खड्ड्यात, तितकं चांगलं. काकाजींनी विचारलं, "अन् फटके मोजते कोण? पंच कुठी आहे?" मावसाजी म्हणाले, रोजच्या खेळात पंच नसतो. ज्याचे त्यानं मोजायचे, बरोबरच्यानं कागदावर लिहायचे, शेवटी दोघांनी सह्या करायच्या. काकाजी म्हणाले, "मंग आपल्या घरात हा खेळ चालायचा नाही." बाबा हसले. मीही हसले, पण तोंड फिरवून.

मग हँडिकॅपचा विषय निघाला. कच्चा खेळाडू आणि पक्का खेळाडू बरोबरीनं खेळू शकतात, कारण कच्च्याला मोजून सवलत मिळते. मावसाजींनी उदाहरण दिलं. एकाला अठरा फटक्यांची सूट आहे, दुसऱ्याला सहाची. दोघांच्या एकूण फटक्यांतून आपापली सूट वजा करायची आणि मग कोण जिंकलं ते बघायचं. सवलत ही मेहेरबानी नाही, ती हिशेबातच धरलेली असते, आणि ती घेताना कोणाची मान खाली जात नाही. बाबा कोर्टातल्या कारकुनाचे चिरंजीव, हिशेबाचा माणूस. त्यांनी दोन-तीनदा विचारून घेतलं. ही सूट ठरवतात कशी? मावसाजी म्हणाले, मागच्या खेळांवरून. आत्तापर्यंत कोण कसं खेळलंय, त्याची नोंद असते.

त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. चालत होते. सातव्या की आठव्या खड्ड्यापाशी थर्मासमधला चहा ओतला तेव्हा बाबा काकाजींना म्हणाले, "पंचवीस वर्षांची घरपट्टी आणि दोन छपरं. नोंद आहे का कुठं?" काकाजी म्हणाले, "आहे नं. बाबाजींच्या वहीत सगळी हाये." "मग ती वजा करू आधी. उरेल त्याचे निम्मे."

झालं एवढंच. कोणी गळ्यात गळा घातला नाही. उलट काकाजी म्हणाले, "देवपूजेचा हिशोब कसा लावशील?" त्यावर दोघांचं पुन्हा थोडं वाजलं. ती वही नागपूरहून जबलपूरला पोस्टानं आली, तिच्यावरून आणखी पाच-सहा पत्रं झाली. शेवटी वाटणी साधारण दहा आणे आणि सहा आणे अशी पडली. दहा आणे नागपूरचे. जबलपूरला आमच्या एका नातेवाइकांनी बाबांना वेडं ठरवलं. आईनं मात्र एका शब्दानं कुरकुर केली नाही. १९८४ मध्ये वाडा विकला गेला. देव नागपूरलाच राहिले.

विक्रीच्या पैशांतून दोघांनी मिळून पाच हजार रुपये बाजूला काढले आणि बँकेत दोघांच्या नावानं ठेवले. त्या काळी त्याच्या व्याजात बंगल्याचं भाडं निघायचं. घरात त्याला नाव पडलं "पचमढीचं खातं". पुढे व्याज पुरेना तेव्हा दरवर्षी प्रत्येक कमावत्या माणसानं त्यात भर घालायची असं ठरलं. लग्न झालेल्या मुलींनीही, हे काकूनं ठरवलं. "जावई जेवते ना तिथी? मंग!" असं तिचं कारण. मी इंदूरला आले तरी माझा वाटा दरवर्षी जातो. बाबा आणि काकाजी गेल्यावर खात्यावर पुढच्या पिढीची दोन नावं लागली, एक नागपूरचं, एक जबलपूरचं. सही दोघांची लागते, एकट्याला पैसे काढता येत नाहीत.

पचमढी बदलली. आमचा जुना बंगला आता राहण्यासारखा नाही. पर्यटन महामंडळानं साहेबांच्या काही बंगल्यांची हॉटेलं केली, ग्लेन व्ह्यू, रॉक एंड मॅनॉर, चंपक. एका जागेचं तर नावच गोल्फ व्ह्यू. जिप्सीत बसून धूपगढचा सूर्यास्त बघायला गर्दी लोटते. छोट्या रुळांची नागपूर-छिंदवाडा गाडी २०१५ मध्ये बंद झाली, आता नागपूरकर पाच-सहा तासांत थेट मोटारीनं येतात. तरी मटकुलीला थांबतात. अजून थांबतात.

आता या दिवाळीची गोष्ट. काकाजींचा नातू पुण्यात चांगल्या नोकरीत आहे आणि, मोठ्या आबाजींनी ऐकलं असतं तर काय म्हटलं असतं कोण जाणे, गोल्फ खेळतो. त्यानं सुचवलं की आता खातं बंद करू. पुण्याजवळ डोंगरात छान रिसॉर्ट आहेत, स्वतःचं गोल्फ मैदान, पोहण्याचा तलाव, जेवण तयार, विमानानं येणाऱ्यांनाही सोयीचं. आपण आता पुणे, बंगळूरू, अमेरिका असे पांगलो, नागपूर आणि जबलपूरच्या मधलं गाव कशाला धरून बसायचं? मुलगा गुणी आहे, बोलण्यात उद्धटपणा नव्हता. आणि त्याचं म्हणणं सगळंच चूक नाही. मध्यबिंदू खरंच सरकला आहे.

मी त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथं लिहिते. बाळा, रिसॉर्टमध्ये आपण सगळे पाहुणे असू. चांगले पाहुणे, पैसे मोजणारे पाहुणे, पण पाहुणेच. सकाळी ज्याला जे हवं ते, ज्याची त्याची खोली, ज्याचा त्याचा मोबाइल. मोठ्या आबाजींच्या पत्रात एकच अट होती, तिथं कोणीच पाहुणा नको. ती अट पुण्यात पुरी होत असेल तर पुण्याला जाऊ, माझी हरकत नाही. मला पचमढीच्या दगडांचं वेड नाही. पण कुरड्या तळायला चूल, ओळीनं गाद्या घालायला व्हरांडा आणि भांडण झालं तर दोन तास बरोबर चालायला मोकळी जागा, एवढं तिथं मिळेल का, ते बघ. आणि खातं बंद करायचं तर दोन सह्या लागतात, हेही ध्यानात ठेव.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आत्या, ते हँडिकॅपचं खरंच झालं होतं? आम्हाला वाटायचं की तुम्ही रचून सांगता." मी म्हटलं, आजोबांची वही अजून नागपूरला आहे, काकूच्या लोखंडी कपाटात. घरपट्टीच्या पावत्या चिकटवलेली. जाऊन बघ. डिसेंबरमध्ये तो खरंच नागपूरला गेला आणि वहीच्या पानांचे फोटो त्यानं घरच्या ग्रुपवर टाकले. छपराच्या कौलांचा दर, सुताराची मजुरी, नवरात्रातल्या फुलांचे पैसे, सगळं मोठ्या आबाजींच्या आणि पुढे काकाजींच्या अक्षरात.

तूर्त ठरलंय ते असं. येत्या मे महिन्यात पचमढीच. नागपूरकडून अकरा, आमच्याकडून नऊ. पुण्याचा मुलगा आपल्या काठ्यांची पिशवी आणणार आहे. तिथं खेळायला मिळेल का, परवानगी कशी काढायची, ते त्याचं त्यानं बघायचं. रिसॉर्टचं पुढच्या वर्षी पुन्हा बोलू, तोवर खातं चालू. काकू आता अठ्ठ्याऐंशीची आहे. घाटरस्ता झेपेल का, हे डॉक्टरांना विचारायचं आहे. ती म्हणते, वर नाही येता आलं तर मटकुलीपर्यंत येते, चहा पिते आणि वापस जाते.

तुमच्यापैकी कोणाचं घर १९५६ मध्ये असं दोन राज्यांत वाटलं गेलं होतं का? मग तुम्ही मधे कुठं भेटायचात? बेळगाव-कोल्हापूरकडच्या, हैदराबाद-औरंगाबादकडच्या मंडळींनी जरूर लिहा. जागेचं नाव लिहा, आणि तिथं स्वयंपाक कोण करायचं तेही.